कोंबडीत डायऑक्सिन शिरतं कुठून? माग काढलेल्या काही प्रकरणांविषयी

मका_सोया:

अंड्यांच्या भावाच्या धाग्यात कुणीतरी "युरोपात अंड्यांत डायऑक्सिन सापडतं, आपल्याकडे कुणी बघतच नाही" असं लिहिलं आणि चर्चा लगेच सरकारवर घसरली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी पशुखाद्याच्या धंद्यात आहे. फॉर्म्युला बसवणं आणि येणारा कच्चा माल तपासून घेणं हे माझं रोजचं काम. डायऑक्सिनची प्रयोगशाळा मी चालवत नाही, पण हे विष कोंबडीपर्यंत कसं पोचलं याचा माग ज्यांनी काढला त्यांची प्रकरणं आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावीत अशी आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बंदिस्त शेडमधल्या कोंबडीत डायऑक्सिन सापडलं की पहिलं बोट फार्मवाल्याकडे जातं. प्रत्यक्षात दोषी निघाला तो बहुतेक वेळा फॉर्म्युल्याच्या शेवटच्या ओळींतला माल, म्हणजे अर्धा टक्का, दोन टक्के, फार तर चार टक्के पडणारा. मका आणि सोया सगळे तपासतात. तेल, चरबी, माती, प्रीमिक्समधला (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणातला) भुसा यांच्याकडे "भाव काय?" एवढंच विचारून गाडी खाली होते.

थोडी पार्श्वभूमी. डायऑक्सिन हे एक रसायन नसून गोतावळा आहे. ७५ डायऑक्सिनं आणि त्यांची चुलत भावंडं म्हणजे १३५ फ्युरानं. या २१० पैकी खरी घातक १७. शिवाय पीसीबी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वगैरे वापरायची क्लोरीनयुक्त रसायनं, २०९ आहेत; त्यांपैकी १२ तशीच वागतात. ही डायऑक्सिनं कुणी विकायला बनवत नाही. क्लोरीन असलेलं काही अर्धवट जळलं किंवा काही क्लोरीनयुक्त रसायनं तयार होत असली की ती आपोआप होतात. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. म्हणून कोंबडीच्या चरबीत आणि अंड्याच्या बलकात जाऊन बसतात. उकळून, तळून जात नाहीत. मोजायचं एकक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

पहिलं मोठं प्रकरण १९५७ चं, अमेरिकेतलं. ब्रॉयलर लाखांनी मरायला लागले. कापून बघितलं तर हृदयाभोवती आणि पोटात पाणी. खाद्यातल्या चरबीवर संशय लवकर आला, कारण ती चरबी काढली की नवी पिल्लं जगत होती. पण चरबीत नेमकं काय आहे हे कळायला बारा वर्षं गेली. १९६९ साली क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना उलगडली तेव्हा सहा क्लोरीनचं डायऑक्सिन हाती लागलं. ते आलं कुठून? कातड्यांवरून खरवडून काढलेल्या चरबीतून. कातडी कुजू नये म्हणून पेंटाक्लोरोफिनॉल मारत, आणि त्यात डायऑक्सिनची भेसळ जन्मजात असते. चामड्याच्या धंद्याचा कचरा, कोंबडीच्या धंद्याचा कच्चा माल. पुढची बहुतेक प्रकरणं याच वळणाची आहेत.

दुसरं जपानचं, आणि हे वाचून मला दर वेळी राग येतो. फेब्रुवारी-मार्च १९६८, पश्चिम जपान. चार लाखांच्या आसपास कोंबड्या मेल्या. माग खाद्यावर गेला, खाद्यातून 'डार्क ऑइल'वर गेला. भाताच्या कोंड्याचं तेल शुद्ध करताना जे काळपट उपउत्पादन उरतं ते हे. ते पुरवलं होतं कानेमी नावाच्या तेल कंपनीने. तिथे तेल तापवायच्या नळ्यांतून पीसीबी फिरवत होते आणि ते गळून तेलात उतरत होतं. कोंबड्यांचा माग कारखान्याच्या दारापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला! उपउत्पादन खराब आहे म्हटल्यावर मूळ तेलाचं काय, हे कुणी नीट धसाला लावलं नाही. तेच तेल लोक स्वयंपाकात वापरत राहिले. ऑक्टोबरमध्ये 'युशो' म्हणून जो आजार उघडकीला आला तो हाच. अंगभर काळे मुरूम, डोळ्यांतून चिकट स्राव, काळपट कांतीची नवजात बाळं. तक्रार घेऊन आलेल्यांचा आकडा चौदा हजारांच्या घरात गेला.

बेल्जियमचं १९९९ चं प्रकरण मोठं आहे, ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. जेवून येतो.

लेअरवाला_मिरज:

चांगला धागा. एक शंका. हृदयाभोवती पाणी म्हणजे आमच्याकडे लिची. सोललेल्या लिचीसारखं हृदय दिसतं म्हणून ते नाव. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, आणि तो तर व्हायरस आहे ना? हिवाळ्यात ब्रॉयलरच्या पोटात पाणी होतं तेही वेगळं. मग अमेरिकेत तेव्हा कसं ओळखलं की हे विष आहे?

मका_सोया:

मुद्द्याचं विचारलंत. लिची अ‍ॅडिनोव्हायरसने होते. थंडीतलं पाणी पडदे बंद ठेवून शेडमध्ये हवा खेळेनाशी झाली की होतं, त्यात फुप्फुसं आणि हृदय कमी पडतात. तिन्हीत पाणी दिसतं, म्हणून नुसत्या पोस्टमॉर्टेमवर निदान ठोकू नये. फरक पडतो तो पसरण्याच्या पद्धतीत. विषाणू शेजारच्या शेडमध्ये जातो, लस-औषधाला दाद देतो किंवा देत नाही. खाद्यातलं विष पोत्याबरोबर जातं. पन्नास किलोमीटरवरचे दोन फार्म, एकमेकांशी संबंध नाही, पण खाद्य एकाच मिलचं आणि त्याच आठवड्याचं, आणि दोन्हीकडे तेच. असा नकाशा दिसला की आधी खाद्य थांबवायचं आणि जुन्या लॉटचा राखीव नमुना बाहेर काढायचा.

आता बेल्जियम. जानेवारी १९९९ च्या उत्तरार्धात एका चरबी वितळवणाऱ्या कारखान्याच्या टाकीत ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल गेलं. तिकडे लोक तळणीचं वापरलेलं तेल गावच्या कचरा-संकलन केंद्रावर आणून देतात आणि ते गोळा होऊन पशुखाद्याच्या चरबीत जात असे. त्या साखळीत कुठेतरी पीसीबीवालं तेल मिसळलं. एकूण पीसीबी सुमारे ५० किलो, त्यात डायऑक्सिन-फ्युरानं मिळून सुमारे १ ग्रॅम. हो, एक ग्रॅम. त्यातून साधारण ५०० टन खाद्य बनलं आणि बेल्जियममधल्या दोन हजारांहून जास्त फार्मवर गेलं. थोडं फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनीकडेही.

फेब्रुवारीत ब्रीडर फार्मवाल्यांना, म्हणजे पिल्लांसाठी अंडी घेणाऱ्यांना, काय दिसलं? अंडी घटली. हॅचरीत अंडी फुटेनात. जी पिल्लं निघाली ती सुजलेली, मान वाकडी, लवकर मरणारी. ब्रीडरवर परिणाम आधी दिसतो याचं कारण साधं आहे. कोंबडी आपल्या चरबीतलं विष बलकात ओतते आणि तो सगळा बलक एकट्या भ्रूणाच्या वाट्याला येतो. खाद्य कंपनीच्या बाजूने एका पशुवैद्याने कागदपत्रं लावली, तारखा जुळवल्या आणि संशय चरबीवर आणला. नमुने गेले नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनच्या प्रयोगशाळेत. एप्रिलअखेर निकाल आला. कोंबडीच्या चरबीत ग्रॅममागे ९०० पिकोग्रॅमच्या वर. नेहमीच्या कोंबडीत हा आकडा एखाद-दोन असतो.

निकाल आल्यावर लोकांना कळायला मेअखेर उजाडली. १ जूनला आरोग्यमंत्री आणि कृषिमंत्री दोघांनी राजीनामे दिले, १३ जूनला निवडणूक होती, तीत पंतप्रधान देहाने यांचं सरकार पडलं. दुकानांतून चिकन-अंडीच काय, मेयोनीज आणि केकसुद्धा उचलले गेले.

मागाच्या दृष्टीने यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. डायऑक्सिनची एक चाचणी म्हणजे वेळ आणि पैसा दोन्हीचा चुराडा, आणि इथे तर हजारो नमुने. मग त्यांनी डायऑक्सिन मोजणं मागे ठेवलं आणि पीसीबी मोजलं. या घाणीत पीसीबी आणि डायऑक्सिनचं प्रमाण पन्नास हजारास एक असं ठरलेलं होतं. पीसीबी मोजणं स्वस्त आणि झटपट. सात ठरावीक पीसीबींची बेरीज चरबीत ग्रॅममागे २०० नॅनोग्रॅमच्या वर गेली की माल अडवायचा. वीस हजारांवर नमुने असे तपासले. अर्थात ही युक्ती उगम एकच आहे हे पक्कं झाल्यावरच चालते. पुढच्या वेळी विष मातीतून आलं असतं तर पीसीबी शून्य आणि डायऑक्सिन भरपूर, आणि सगळे निवांत झोपले असते.

खडूस_काका:

वाचलं. पण पिकोग्रॅम पिकोग्रॅम करून लोकांना किती घाबरवायचं? बेल्जियममध्ये चिकन खाऊन मेलेला एक माणूस दाखवा. आपल्याकडे अँटिबायोटिक, अफलाटॉक्सिन, रस्त्याकडेचं तळण हे सोडून आपण बेल्जियमच्या चरबीवर गप्पा मारतोय.

पिपेट:

काका, अफलाटॉक्सिनबद्दल सहमत, आपल्याकडे रोजचा शत्रू तोच. पण 'मेला का' ही कसोटी इथे लागू पडत नाही. हे शरीरात वर्षानुवर्षं राहतं. त्यातल्या सगळ्यात घातक टीसीडीडीचं माणसातलं अर्धायुष्य सात वर्षांच्या आसपास धरतात. त्यामुळे आठवड्याची मर्यादा ठरवताना आयुष्यभराची साठवण डोळ्यांपुढे असते.

मी जीसी-एमएसवर, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, काम करते, दुसऱ्या रसायनांसाठी, पण डायऑक्सिनवाल्या मंडळींच्या शेजारी बसले आहे. मागाबद्दल तिथलं थोडं सांगते. नमुन्यातली चरबी काढायची, त्यात कार्बन-१३ ची खूण असलेली तीच १७ रसायनं मोजून टाकायची म्हणजे वाटेत किती हरवलं ते कळतं. मग सल्फ्युरिक आम्ल मुरवलेल्या सिलिकावरून, पुढे अ‍ॅल्युमिना आणि कार्बनच्या स्तंभांतून ते गाळत न्यायचं. आम्लवाल्या सिलिकावर चरबी जळून काळीठिक्कर होते आणि डायऑक्सिन ढिम्म हलत नाही, इतकं ते चिवट. शेवटी लिटरभर काढ्याचे काही थेंब उरतात, ते यंत्रात. पडद्यावर १७ शिखरं येतात.

एकूण बेरीज कायद्यासाठी. माग काढणारा बघतो ती त्या १७ शिखरांची उंच-सखल ठेवण. जुन्या तापलेल्या पीसीबी तेलात फ्युरानं उठून दिसतात, डायऑक्सिनं खाली. पेंटाक्लोरोफिनॉलमध्ये सहा, सात, आठ क्लोरीनवाली जड मंडळी. खाणीतल्या मातीत आठ क्लोरीनवालं प्रचंड आणि फ्युरानं जवळजवळ नाहीतच. कचरा जळाला तर दोन्हींची सरमिसळ.

घोळ असा की कोंबडी ही ठेवण बदलते. कमी क्लोरीनवाली ती चांगली शोषून घेते, आठ क्लोरीनवाली बरीचशी विष्ठेतून बाहेर. त्यामुळे अंड्यातलं चित्र आणि खाद्यातलं चित्र शेजारी ठेवून 'जुळत नाही' म्हणून सोडून देता येत नाही. प्रत्येक रसायन खाद्यातून अंड्यात किती उतरतं ते गुणोत्तर लावून उलटा हिशेब करावा लागतो. नवशिके इथेच फसतात.

मका_सोया:

पिपेटताई, दंडवत. मातीचा उल्लेख केलात तर तेही प्रकरण घ्या, कारण त्यात कुणी चोर नाही, लबाडी नाही, जळालेलं काही नाही.

१९९७, अमेरिका. सरकारने देशभरातल्या कोंबड्यांची पाहणी केली. ८० नमुन्यांपैकी दोन बाकीच्यांच्या कितीतरी वर. दोन म्हणजे कुणी 'यंत्राची गडबड' म्हणून फाईल बंद केली असती. यांनी पाठपुरावा केला. पक्षी कुठले, खाद्य कुठलं, खाद्यात सोयापेंड कुठली. सोयापेंडीचे गोळे होऊ नयेत, ती सायलोमधून मोकळी वाहावी म्हणून तिच्यात बॉल क्ले नावाची माती मिसळत होते, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ती माती मिसिसिपीतल्या एका खाणीची. तपासली तर डायऑक्सिनने भरलेली. तीच पेंड खाल्लेल्या तळ्यातल्या कॅटफिशमध्येही तेच सापडलं. जुलै १९९७ मध्ये एफडीएने (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने) खाद्यातला तिचा वापर थांबवायला लावला.

सगळ्यांनी आधी धरून चाललं की खाणीत कुणीतरी रासायनिक कचरा पुरला असणार. तसं काही नव्हतं. माती सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीची, आणि डायऑक्सिन तिच्यातच नैसर्गिकरीत्या तयार झालेलं! हीच माती कपबश्या आणि टाइल्स बनवायला जगभर वापरतात आणि त्यात काही गैर नाही. जर्मनीतल्या केओलिन मातीतही पुढे असंच निघालं. २००४ साली नेदरलँड्समध्ये गायीच्या दुधात डायऑक्सिन आलं तेव्हा माग बटाट्यापर्यंत गेला. फ्रेंच फ्राइजवाले बटाटे निवडायला मातीच्या दाट पाण्यात तरंगवत, सालं गायींना, माती सालांना चिकटलेली.

म्हणून टॉक्सिन बाइंडर म्हणून, म्हणजे खाद्यातलं बुरशीचं विष बांधून ठेवायला, जी बेंटोनाइट वगैरे माती आपण टनाला दोन-चार किलो घालतो, तिचा पुरवठादार बदलला की मी खाण कुठली ते विचारतो. पुरवठादार वैतागतात. वैतागू देत.

काका, तुमच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. ६० ग्रॅमच्या अंड्यात चरबी साधारण ६ ग्रॅम. युरोपची अंड्यासाठीची मर्यादा चरबीच्या ग्रॅममागे २.५ पिकोग्रॅम (डायऑक्सिनसारखी पीसीबी धरून ५). म्हणजे मर्यादेला टेकलेल्या एका अंड्यात १५, पीसीबी धरून ३०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली माणसाला आठवड्याला वजनाच्या किलोमागे २ पिकोग्रॅम एवढंच पुरे म्हटलं, आधी ते १४ होतं. ६० किलोच्या माणसाला झाले १२०. पीसीबी धरून मर्यादेवरची चार अंडी खाल्ली की आठवड्याचा कोटा संपला, दूध-मासळी अजून बाकीच. व्यापारी फार्मची बहुतेक अंडी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात, म्हणून रोजचं ऑम्लेट सोडायची गरज नाही. पण आकडे अगदीच हवेतले नाहीत एवढं दिसावं.

एल्बेकाठी:

२०११ च्या जानेवारीत मी हॅम्बुर्गला नवीन होतो. अंड्यांवर शिक्का असतो हे तेव्हाच कळलं. पहिला आकडा कोंबडी कशी पाळली त्याचा, मग देश, मग राज्य आणि फार्म. बातम्यांत दूषित फार्मचे शिक्के छापून येत आणि सुपरमार्केटमध्ये लोक खोकं उघडून एकेक अंडं उलटंपालटं करून बघत. आमच्या घरमालकीणबाई चष्मा लावून यादी घेऊनच जायच्या. ते नेमकं काय होतं? तेव्हा जर्मन कळत नव्हतं, नुसता गोंधळ आठवतो.

मका_सोया:

तेही चरबीचंच. तुमच्या जवळच, श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या उटरसनची हार्लेस उंट येंच नावाची कंपनी. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल बनवताना जी फॅटी आम्लं उरतात ती फक्त औद्योगिक वापरासाठी असतात, कागद वगैरेसाठी. ती स्वस्त. तीच पशुखाद्याच्या चरबीत घातली गेली. एका खाद्य उत्पादकाच्या स्वतःच्या नेहमीच्या तपासणीत डिसेंबर २०१० मध्ये आकडा वर आला आणि गाडं सुरू झालं. सुमारे ३००० टन चरबी संशयात, ४७०० च्या वर फार्म काही काळ बंद, त्यातले बहुतेक लोअर सॅक्सनीचे. पुढे बाहेर आलं की मार्च २०१० मध्येच कंपनीकडे मर्यादा ओलांडल्याचा निकाल होता आणि तो कळवला नव्हता. कंपनीने दिवाळं जाहीर केलं.

बेल्जियमला माग काढायला महिने लागले, जर्मनीत काही आठवड्यांत संपूर्ण यादी हातात होती. मधल्या काळात २००२ चा युरोपचा अन्नकायदा आला होता. प्रत्येकाने माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे, याची नोंद ठेवलीच पाहिजे. दुसरं म्हणजे दूषित माल चांगल्या मालात मिसळून मर्यादेखाली आणायला तिथे बंदी आहे. आपल्या मार्केटमध्ये 'थोडं मारून टाकू' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना या बंदीचं महत्त्व कळेल. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी औद्योगिक चरबी आणि खाद्याची चरबी वेगळी ठेवणं आणि चरबीची डायऑक्सिन चाचणी करणं सक्तीचं केलं.

परसदार:

मी सिंधुदुर्गात राहते, दारात दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत. ना खाद्य विकत, ना प्रीमिक्स. तांदळाची कणी, उरलंसुरलं आणि दिवसभर उकिरडा उकरणं. म्हणजे आमची अंडी या सगळ्यातून सुटली ना?

मका_सोया:

ताई, खरं सांगू? डायऑक्सिनच्या बाबतीत उलटं आहे. बंदिस्त शेडमधल्या कोंबडीला खाद्य स्वच्छ मिळालं तर तिचं अंडं स्वच्छ. मोकळी कोंबडी दिवसाला १० ते ३० ग्रॅम माती पोटात घेते आणि मातीत जे पडलं ते अंड्यात येतं. म्हणून तुमच्या अंड्याचा प्रश्न जागेचा आहे. उकिरड्यात शेण, पालापाचोळा, भाजीची देठं असतील तर काळजी नाही. तिथे प्लास्टिक, रेक्झिन, वायरी जळत असतील तर आहे.

इंडोनेशियात पूर्व जावामधल्या त्रोपोदो गावात टोफूच्या भट्ट्या परदेशातून आलेल्या प्लास्टिक कचऱ्यावर चालत. २०१९ साली तिथल्या मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांत चरबीच्या ग्रॅममागे २०० पिकोग्रॅम सापडले. वरचा हिशेब लावा, एका अंड्यात १२००, म्हणजे ६० किलोच्या माणसाचा दहा आठवड्यांचा कोटा. घानात अक्रा शहरातल्या आग्बोग्ब्लोशीला इलेक्ट्रॉनिक भंगार जळायचं, तिथे त्याहून तिप्पट निघालं. वायर जाळणं सगळ्यात वाईट, कारण पीव्हीसीमधून क्लोरीन मिळतो आणि तांबं ही रासायनिक क्रिया भराभर पुढे नेतं. गरिबांचे देश म्हणून सोडू नका. २०२३ साली पॅरिस परिसरातल्या चारशेहून जास्त गावांना तिथल्या आरोग्य यंत्रणेने घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं सांगितलं.

आपल्याकडचंही आहे. २००५ साली काही पर्यावरण संस्थांनी सतराएक देशांतली मोकळ्या कोंबड्यांची अंडी तपासून घेतली, त्यात लखनौमधल्या रुग्णालयाच्या कचराभट्टीजवळची आणि केरळात एलूरच्या औद्योगिक पट्ट्यातली होती. दोन्ही ठिकाणची अंडी त्या वेळच्या युरोपीय मर्यादेच्या, म्हणजे ३ पिकोग्रॅमच्या, वर गेली.

परसदार:

बाप रे. वायरी वगैरे नाही जळत, पण उवांसाठी कोंबड्यांना राखेत लोळायला खड्डा केला आहे. ती राख चालेल?

मका_सोया:

चुलीतल्या लाकडाची, गोवऱ्यांची, करवंट्यांची राख चालेल. बंबात कधी जुनी रंगवलेली दारं-खिडक्या, प्लाय, सनमायका लावलेलं लाकूड, दुधाच्या पिशव्या गेल्या असतील तर ती राख खड्ड्यात नको आणि परड्यातही नको. आणि जिथे एकदा प्लास्टिक जाळलंय तिथली वरची माती उचलून तो कोपरा कुंपणाबाहेर टाका. हे मातीत दशकानुदशकं राहतं, पावसाने धुऊन जात नाही.

पिपेट:

अवांतर, पण जर्मनीत एक मजेशीर प्रकरण झालं होतं. सेंद्रिय फार्म, खाद्य चोख, माती लांबवर स्वच्छ, तरी अंड्यांत पीसीबी. शेवटी सापडलं छपरात. जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांवरच्या लेपात पीसीबी होतं, लेप ऊन-पावसाने सुटून शेडभोवतीच्या मातीत पडत होता आणि कोंबड्या बरोबर पागोळ्यांखाली उकरत. अशा वेळी पत्रे बघायला शिडीच लावावी लागते.

लेअरवाला_मिरज:

आता मला सरळ सांगा, आमच्यासारख्याने काय करायचं? चाचणी परवडणार नाही. खाद्य मी स्वतः बनवतो. मका, डीओसी (तेल काढलेली पेंड), राइस पॉलिश, मार्बल ग्रिट, थोडं तेल, प्रीमिक्स, कोलीन (जीवनसत्त्वासारखं पूरक).

मका_सोया:

चाचणी तुम्ही करूच नका. आपल्याकडे अशा प्रयोगशाळा मोजक्या, तिरुवनंतपुरमला सीएसआयआरच्या संस्थेत आहे, पण एका फार्मला दर लॉटला ते शक्य नाही. कागद आणि नमुने मात्र फुकट आहेत. प्रत्येक लॉटमधून अर्धा किलो खाद्य आणि बाटलीभर तेल झाकून, तारीख टाकून सावलीत ठेवा. सहा महिने. अंडी घटली, हॅचरीची तक्रार आली, तर मागे जाता येईल.

तेल घेताना 'फीड ऑइल' एवढ्यावर भागवू नका. रिफायनरीचं की गोळा केलेलं तळणीचं, की आम्ल तेल, ते बिलावर लिहून घ्या. भाव बाजारापेक्षा फारच पडेल असेल तर ते दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याचं टाकाऊ आहे असं समजून चाला.

आणि कोलीन. हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. कोलीन क्लोराइड ६० टक्के म्हणून जी भुकटी येते, तिच्यातला उरलेला भाग वाहक असतो, सहसा मक्याच्या कणसाचा बुरकुंडा दळून. २००० साली युरोपात कोलीनच्या प्रीमिक्समध्ये डायऑक्सिन आलं तेव्हा माग वाहकावर गेला. त्यात लाकडाचा भुसा होता आणि ते लाकूड पेंटाक्लोरोफिनॉल मारलेलं. टनाला किलोभर पडणाऱ्या मालातला निम्म्याहून कमी भाग, त्यातली घाण. शेडमध्ये अंथरायला (लिटर म्हणून) भुसा घेता तेव्हाही हाच प्रश्न विचारा, सॉ-मिलचा कच्च्या लाकडाचा की फर्निचरवाल्याचा. भाताचं तूस मिळत असेल तर उत्तमच.

खडूस_काका:

म्हणजे सगळं युरोप-अमेरिकेतच झालं. भारताने काय बिघडवलंय?

मका_सोया:

भारताचंही नाव आहे, काका, फक्त कोंबडीत नाही. २००७ साली भारतातून गेलेल्या ग्वार गममध्ये, म्हणजे गवारीच्या बियांच्या डिंकात, स्वित्झर्लंडमध्ये डायऑक्सिन आणि पेंटाक्लोरोफिनॉल दोन्ही सापडलं. आइस्क्रीम, सॉस, दही घट्ट करायला हा डिंक जगभर जातो. १९५७ च्या कातड्यांवर होतं तेच रसायन, पन्नास वर्षांनी. त्यानंतर युरोपने भारतीय ग्वार गमला प्रत्येक मालाबरोबर पेंटाक्लोरोफिनॉलच्या चाचणीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. माग निर्यातीच्या डिंकाचा निघाला, कारण घेणाऱ्याने तपासला. त्याच बियांचा कोरमा आणि चुरी आपल्याकडे गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जाते, तिच्यासाठी दारात कुणी प्रमाणपत्र मागत नाही. मी मागतो. दोनदा मिळालं, बाकी वेळा "साहेब, असं कुणीच मागत नाही" हे उत्तर.

लेअरवाला_मिरज:

आत्ता शेडवर जाऊन कोलीनचं पोतं बघितलं. वाहक काय आहे ते लिहिलेलंच नाही, नुसतं '६०% फीड ग्रेड'. उद्या उजेडात फोटो टाकतो.

मका_सोया:

टाका. लॉट नंबर आणि उत्पादनाची तारीख दिसू द्या, कंपनीचं नाव झाका. आणि मूठभर पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली बघा. कणसाच्या बुरकुंड्याचे दाणेदार तुकडे असतात, लाकडाचे लांबट धागे. धागे दिसले तर पुरवठादाराला फोन करा, मग पुढचं बोलू.